चिंचेखालचा प्रश्न

डोंगराची धार ओलांडून दोघी पलीकडच्या उताराला लागल्या, तेव्हा रिबेकाताईने एकदम विचारलं, “एस्तेर, फळ्यावर प्रश्न लिहिला की खाली नाव घालावंच लागतं का गं?”

एस्तेर पुढे चालत होती, ती थांबली. अर्धी वाट संपली होती आणि एवढ्या वेळात ताई फक्त पाळकांच्या लांबलेल्या प्रार्थनेबद्दल, सागाच्या वाळक्या पानांवरून पाय कसा सटकतो त्याबद्दल आणि डब्यातली उडदाची डाळ सांडते की काय याबद्दल बोलली होती. रविवारी जीप मिळत नाही, सडकेने जायचं तर डोंगराला मोठा वळसा पडतो. म्हणून उपासना संपल्या संपल्या दोघी पायवाटेने मोहफळीच्या शाळेतल्या शिक्षकांच्या बैठकीला निघाल्या होत्या.

“घालावं लागतं,” एस्तेर म्हणाली. “नाहीतर कुणाजवळ जाऊन बसायचं ते लोकांना कसं कळणार?”

“हं,” ताई म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली.

नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरात टेंभुर्णफळी आहे. तिथली शाळा म्हणजे दोन खोल्या आणि दोन बाया. पहिली-दुसरी एस्तेर गावितकडे, तिसरी-चौथी रिबेका वळवीकडे. एस्तेर यंदाच्या जूनमध्ये बदलून आलेली. रिबेकाताई मात्र तिथे इतकी जुनी की गावातल्या म्हाताऱ्या तिला नुसतं ‘आमची बाई’ म्हणायच्या. तिचे आईबाप मजुरीवर जगलेले, ती मिशनच्या वसतिगृहात राहून शिकली, डी.एड. झाली, पहिली काही वर्षं अक्राणीच्या डोंगरात काढली आणि मग इथे आली ती इथलीच झाली. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक गावात यायचा, ऊसतोडीला गुजरातेत जायची घाई सुरू व्हायची, तेव्हा ही बाई घरोघर फिरायची. “तुम्ही जा, पोर मला ठेवा.” ज्याची आजी घरी असेल ते आजीकडे राहायचं. ज्याला कुणी नसेल ते सरळ बाईच्या घरी यायचं. तिच्या पडवीत थंडीच्या दिवसांत दोन-तीन पोरं गोधडीत गुंडाळलेली असायचीच. त्यांच्या डोक्यातल्या उवा तीच काढायची, त्यांच्या आईला फोनही तीच लावून द्यायची. एस्तेर आली त्याच आठवड्यात गावातल्या एका बाईने तिला सांगितलं होतं, “तुमची खोली छान आहे हो, पण पोरांची माय त्या खोलीत आहे.”

अशी ती रिबेकाताई. आणि तिचा हात उठायचा.

रोज नाही. महिन्यातून एखाद्या वेळी. मधल्या भिंतीला एक दार होतं, पहिलीची पोरं फार गलका करतात म्हणून ते कडी लावून बंद असायचं. एस्तेरला त्या दारातून आवाज यायचा, आणि मग पलीकडची खोली अशी चिडीचूप व्हायची की इकडची पहिलीची पोरंसुद्धा पाटीवरून मान वर करायची.

“मला रिनाबद्दल लिहायचंय,” उतारावर ताई म्हणाली.

रिनाचं काय झालं ते एस्तेरला ठाऊक होतं. ती व्हरांड्यातून धावत गेली होती तेव्हा रिना फळ्याशी उभी होती, हातात पुस्तक तसंच. चौथीतली बारीकशी पोर. नुकतेच कान टोचलेले, भोकात कडुलिंबाची काडी घातलेली. वाचनाची चाचणी जवळ आली होती, तिच्याच्याने एक ओळ पुढे सरकत नव्हती. तिसऱ्यांदा अडली आणि ताईचा हात बसला तो नेमका त्या कानावर. काडी रुतली. रक्त फार नव्हतं, पण मानेवर ओघळलं होतं. पोर रडली नाही. एस्तेरने तिला बाहेर नेऊन कान पुसला, हळद लावली, तेव्हाही नाही.

“तीन हंगाम ठेवली होती तिला मी इथे, आजीजवळ,” ताई बोलत होती. “तिच्या बापाच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. यंदाही बाप म्हणाला, बाई, पोरगी तुमच्याकडेच. सगळं ठरलं होतं. आणि ट्रक आला त्या सकाळी ही आपल्या पायांनी चढून बसली. कुणी सांगितलं नाही, ओढलं नाही.”

“गंगीबाई काय म्हणाली?”

गंगीबाई म्हणजे रिनाची आजी. तिचं नाव निघालं तशी ताई थांबलीच. पदराने तोंड पुसून म्हणाली, “ती म्हणते, बाई, तुम्ही मारलं म्हणून नाही गेली हो, तिला ट्रकात बसायला आवडतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, की खरंच तसं आहे, देवालाच माहीत. आणि बाप? त्याला मी फोन केला, म्हटलं, दादा, माझ्या हातून मार बसला होता पोरीला. तर तो म्हणतो, मग काय झालं बाई, मारा, पण शिकवा. मी म्हटलं, तिला दे फोन. तो म्हणाला, ती धाकटं बाळ घेऊन बसलीय. दोनदा केला. दोन्ही वेळा बाळ घेऊन बसलीय.”

एस्तेर दोन पावलं तिच्याजवळ आली. ती म्हणाली, “ताई, पण असं नाव घालून लिहायचं म्हणजे… कायदा आहे.”

“आहे ना. मुलांना मारू नये, त्याचा तक्ता वर्गात मीच चिकटवलाय. खळ मीच शिजवली होती.”

“मग?”

“मग काय. प्रत्येक ट्रेनिंगला जाते मी. साहेब म्हणतात, आनंददायी शिक्षण. मी वहीत लिहिते, आनंददायी शिक्षण. तिथे कुणी हात वर करून विचारू शकतो का, की साहेब, मी मारते, मी काय करू? इथे विचारता येतं म्हणतात. इथे नाही विचारलं तर कुठे विचारू? आणि वसतिगृहात आम्हाला मारायचे म्हणून मी मारते, असलं काही मला समजावू नको. माझ्याबरोबर मार खाल्लेल्या बाकीच्या पोरी काही मारत सुटल्या नाहीत.”

खाली मोहफळीची कौलं दिसायला लागली होती.

ही बैठक सुरू केली भरतने. मोहफळीच्या शाळेतला तरुण शिक्षक, बोलका, धडपड्या. एका ट्रेनिंगला दिवसभर कुणीतरी पडद्यावरच्याच ओळी वाचून दाखवल्या. तेव्हा परतीच्या जीपमध्ये हा म्हणाला होता, “आपल्याला काय अडतं ते आपल्यालाच माहीत. आपलं आपण बसू.” तेव्हापासून दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी, कधी या शाळेत तर कधी त्या शाळेत, लोक बसायचे. प्रमुख पाहुणा नाही, शाल-नारळ नाही, सही नाही, साहेब तर मुळीच नाही. ज्याचा त्याचा डबा. ज्याला काही विचारायचं असेल किंवा दाखवायचं असेल, त्याने फळ्यावर लिहायचं, खाली आपलं नाव आणि बसायची जागा. मग ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने जाऊन बसायचं. आपल्याला काही मिळत नाही असं वाटलं तर उठून दुसरीकडे जायचं, आणि उठणाऱ्यावर कुणी रुसायचं नाही. आणि इथलं बोलणं इथेच ठेवायचं. हे शेवटचं भरत प्रत्येक वेळी हात जोडून सांगायचा.

त्या दिवशीही त्याने सांगितलं. पंचवीसेक शिक्षक आले होते. फळ्याशी गर्दी झाली. कुणी लिहिलं, ‘भागाकार, गोट्या घेऊन, व्हरांडा’. कुणी लिहिलं, ‘पहिलीची मुलं घरची भाषा बोलतात, मी काय करू, हापशाजवळ’. खिचडीच्या तांदळात किडे होतात, तेही एकाने लिहिलं आणि जागा लिहिली ‘कुठेही’, त्यावर सगळे हसले.

हसू ओसरलं तशी रिबेकाताई पुढे गेली. तिचं अक्षर गोल, सावकाश. तिने लिहिलं:

‘माझा हात उठतो. तुमचाही उठत असेल तर तुम्ही काय करता? – रिबेका वळवी, चिंचेखाली.’

खडू खाली ठेवून ती मागे न बघता बाहेर पडली आणि चिंचेखाली जाऊन बसली. मग कुणीतरी खाकरलं, आणि लोक व्हरांड्याकडे, हापशाकडे पांगायला लागले. एस्तेर चिंचेकडे गेली. जाताना तिला आपल्या पावलांचाच संकोच वाटत होता. सगळे बघताहेत असं वाटत होतं, आणि खरोखरच बघत होते.

दोघीच बसल्या. चिंचेची बारीक पानं ताईच्या पदरावर पडत होती, ती एकेक करून झटकत होती.

पहिले आले हेमराज गुरुजी. कळसाडीकडचे, केस पांढरे, निवृत्तीला टेकलेले, पोरांशीही अहिराणीतच बोलणारे. तंबाखू मळत मळत आले आणि मुळावर टेकले. “मी आठे सावली शे म्हनीसन उनू,” सावलीपुरते आलोय, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. “तुमना प्रश्नबिश्न माले काही समजत नही.”

“बसा, गुरुजी,” ताई म्हणाली.

“पन बाई, येवढं काय लिखानं व्हतं त्यामा? मी तर हजेरी झायी का एकेकले फटका ठेवी देऊ. मन्हा मार खाईसन एक पोऱ्या पोलीस व्हयना. आजबी दखस तठे सलाम ठोकस.”

“भीतीने ठोकत असेल, गुरुजी,” मागून आवाज आला. सुगंधा होती. नवी शिक्षिका, अजून कायम न झालेली. तिच्यामागून उदेसिंग आला, मग आणखी दोघं, मग तिघं. उभे होते ते हळूहळू बसले. गुरुजींच्या पोलिसावर सगळे हसले होते, त्या हसण्याने जरा मोकळं झालं.

उदेसिंग म्हणाला, “मी मारत नाही. अंगठे धरायला लावतो फक्त.”

“मग तो काय व्यायाम आहे का?” सुगंधा म्हणाली.

“मारण्यापेक्षा बरं ना?”

“स्वतः धरून बघ अर्धा तास. मग सांग.”

एक खालमानेची बाई हळूच म्हणाली, “मी चिमटा काढते. दंडाला. दिसत नाही तो.” आणि बोलून गेल्यावर तिने ओठ असे मिटले, जणू शब्द परत आत ओढता येतील. तिच्या शेजारच्याने नुसती मान हलवली. एस्तेरने मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, हे असंच चालू दे. थोडा वेळ तरी.

ताईने रिनाचं सांगितलं. काडीचं, ट्रकाचं, फोनचं. लांबण लावली नाही, स्वतःला सोडलंही नाही. शेवटी म्हणाली, “मला उपदेश नको. मारू नये ते मला कळतं. ज्याचा हात उठायचा आणि थांबला, त्याने सांगा, कसा थांबला.”

सुगंधाने विचारलं, “रिबेकाताई, हात उठायच्या आधी काय होतं? म्हणजे अगदी आधी?”

ताईने तोंड उघडलं. डोळे बारीक करून ती समोर बघत राहिली, आठवून आठवून बघत होती. तेवढ्यात उदेसिंगचा मोबाइल वाजला. मग सुगंधाचा. मग चार-पाच एकदम.

उदेसिंगने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

केंद्राच्या ग्रुपवर फळ्याचा फोटो आला होता. साऱ्या केंद्रातले शिक्षक त्या ग्रुपवर, मुख्याध्यापक त्यावर, केंद्रप्रमुख साहेब त्यावर. फोटो भरतने टाकलेला. खाली लिहिलेलं, ‘आजच्या बैठकीतील विषय. उपस्थिती उत्तम.’ आणि हात जोडल्याचं चित्र. फळ्यावरचे सगळे प्रश्न त्यात दिसत होते. ताईचं गोल अक्षर तर सगळ्यांत ठळक उठलं होतं.

त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. जिल्ह्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो सांगेल. झाड लावलं, फोटो टाक. खिचडी शिजली, फोटो टाक. पोरांनी हात धुतले, फोटो टाक. फोटो टाकला नाही तर काम झालंच नाही, असं वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं. ज्याने सकाळीच हात जोडून सांगितलं होतं की इथलं बोलणं इथेच ठेवा, त्यानेच दुपारी फळा भरलेला बघितला, त्याच हातांनी मोबाइल काढला, आणि झालं.

उदेसिंग उठला, पँट झटकत म्हणाला, “मी जरा भागाकाराकडे बघून येतो.” कुणी म्हणालं, पाणी पिऊन येतो. चिमट्याचं बोललेली बाई काही न सांगताच गेली, डबासुद्धा विसरली, तो न्यायला परत आली तेव्हा तिने वर बघितलं नाही. उठून जायची मुभा होतीच, आणि उठणाऱ्यावर रुसायचं नाही असं ठरलेलंही होतं. सुगंधा सगळ्यांत शेवटी उठली. ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “ताई, माझं अजून कायम व्हायचंय हो.” तिचे डोळे भरले होते.

“जा गं,” ताई म्हणाली. “जा तू.”

हेमराज गुरुजी मुळावरच बसलेले. सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, “बठ्ठा उठी ग्यात का? मी नही उठाव. मन्हा गुडघा दुखतस.”

भरत धावत आला. फोटो त्याने काढून टाकला होता, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. केंद्रप्रमुखांचा निरोपही येऊन पडला होता: ‘रिबेका मॅडम, उद्या भेटा. लेखी खुलासा आणा.’ भरत म्हणाला, “ताई, सवयीनं… मला कळलंच नाही, हात आपोआप…”

“असू दे, बाबा,” ताई म्हणाली. “तुझाही हात उठलाच म्हणायचा.”

“ताई, मी सांगतो साहेबांना की प्रश्न माझा होता. चर्चेसाठी म्हणून टाकला, नाव चुकून तुमचं पडलं. मी घेतो अंगावर. खरंच घेतो.”

गुरुजींनी मान डोलावली. “लेऊ दे बाई त्याले. जवान शे, पचाडी लेई.”

एस्तेरलाही क्षणभर वाटलं, असं झालं तर काय बिघडलं? नोकरी वाचेल. टेंभुर्णफळीची पोरं कुणी घरोघर फिरून अडवायची, ही बाई गेली तर? बदली झाली, चौकशी लागली, तर पुढच्या दिवाळीनंतर तो ट्रक भरूनच जाईल. तिने ताईकडे बघितलं. ताईही भरतकडे बघत होती. त्या तोंडावर नाही म्हणायची घाई नव्हती. तिलाही ते हवं होतं, हे एस्तेरला स्पष्ट दिसलं.

मग ताईने विचारलं, “प्रश्न तुझा म्हटल्यावर रिना कुणाचा मार खाऊन गेली?”

भरतने मोबाइल खिशात घातला.

“जेवा रे,” ती म्हणाली. “डाळ थंड होतेय.”

तिघं-चौघांनी जेवण केलं. जेवणाआधी एस्तेरने डोळे मिटले, पण रोजचे शब्द काही येईनात, नुसतं रिनाचं नाव आलं. ताईने अर्धी भाकरी खाऊन डबा बंद केला. हापशाजवळ लोक जमले होते, व्हरांड्यात गोट्यांचा आवाज चालला होता, बैठक चांगली चालली होती. कुणी त्यांच्याकडे आलं नाही, आणि वाकडं बोललंही नाही. दोघी निघाल्या तेव्हा सुगंधा गोट्यांवरून उठून फाटकापर्यंत आली, आणि तिथे उभी राहिली.

परतीची वाट चढाची. दोघींना धाप लागत होती, त्यामुळे न बोलण्याला निमित्त होतं. ऊन कलतं झालं होतं. एस्तेरच्या मनात उद्याचंच चाललं होतं. साहेब काय म्हणतील, पेपरात येईल का, गावात कळलं तर गाव काय म्हणेल. गाव काहीच म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं. गाव म्हणेल, मारा बाई, पण शिकवा. आणि नेमकं तेच ताईला सोसवत नव्हतं.

धारेवर पोचल्यावर ताई एका खडकावर बसली.

“सुगंधाने विचारलं ना, आधी काय होतं म्हणून,” ती म्हणाली. “तेव्हा सांगायला जमलं नाही. आता चढताना आठवलं.”

एस्तेर समोर उभी राहिली.

“मी आधी घड्याळ काढते.”

“काय?”

“हातातलं घड्याळ. काढून टेबलावर ठेवते. फुटू नये म्हणून. मग मारते.” तिने आपला डावा हात पुढे धरला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा. “मी डावरी आहे ना. रिनाच्या वेळीही काढलं होतं. पट्टा घट्ट आहे, लवकर निघत नाही. तिने पाहिलं मला काढताना. ती पुस्तक धरून उभी राहिली, माझं घड्याळ निघेपर्यंत. एस्तेर, म्हणजे माझा हात आपोआप उठत नाही गं. त्या भरतसारखं नाही हे. मला वेळ असतो. घड्याळ वाचवायला वेळ असतो मला.”

एस्तेर तिच्याशेजारी बसली. जवळ घ्यावं असं वाटलं, पण ताईच्या अंगात तसं घेऊ देण्याचं काही दिसत नव्हतं. एस्तेर म्हणाली, “देवाजवळ बोल, ताई.”

“बोलले. सकाळीच बोलले, पाळकांच्या प्रार्थनेत. देव माफ करेल, त्याची मला काळजी नाही. देवाचा कान नव्हता तो.”

खाली टेंभुर्णफळीतून धूर निघायला लागला होता. कुणीतरी गुरं हाकत होतं.

“उद्या मी साहेबांना जे आहे ते लिहून देणार,” ताई म्हणाली. “मारते म्हणून. घड्याळाचंही. त्यांना काय करायचं ते करू दे. ते काही करेपर्यंत वर्ग माझ्याकडेच राहणार, तोवर मधलं दार उघडं ठेवायचं. तुझ्या पोरांचा गलका होऊ दे. माझा आवाज चढला की तू आत ये. आवाज चढतो माझा, आधी.”

“येईन.”

“आता एक मागते तुझ्याजवळ. त्याला नाही म्हणालीस तरी चालेल, पण लगेच नको म्हणूस.”

“माग ना.”

“गंगीबाई बुधवारी बारडोलीकडे जातेय, लेकाच्या पडावावर, तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत, बाळ बघायला. तिच्याबरोबर तू जा. मी नाही जात. मी गेले तर पोरगी येईल, पण बाई न्यायला आली म्हणून घाबरून येईल, आणि मी समजेन की तिने मला माफ केलं. तू जा. तिला आधी विचार, यायचंय का. ती नाही म्हणाली तर दोन गोष्टी बोल आणि परत ये. हो म्हणाली तर तिला सांग की तू एस्तेरबाईच्या खोलीत बसायचंस. पहिलीच्या पोरांत बसायला लाजेल, तर तिला म्हण, तू लहानग्यांना वाचायला मदत करायचीस. चौथीची पुस्तकं मी तुझ्या टेबलावर आणून ठेवीन. शिकव तूच.”

“आणि तू, ताई?”

“मी बरी होईन बहुतेक. महिना-दोन महिने हात उठणार नाही, सगळे म्हणतील, बाई बदलली. मलाही तसंच वाटायला लागेल. मग मी एक दिवस त्या दारातून तुझ्याकडे येईन, हसत येईन, आणि म्हणेन, एस्तेर, आता दे रिनाला माझ्या वर्गात, चौथीची पोर आहे ती, माझी आहे.” तिने एस्तेरचं मनगट धरलं. “तेव्हा देऊ नकोस. मी कितीही मागितली तरी मला देऊ नकोस.”